ताऱ्यांसाठी बायनॉक्युलर: तिघांपैकी एकच खुंटीवर राहिला

माझा १०×५० बायनॉक्युलर, म्हणजे दहापट मोठं दाखवणारा आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं असलेला, गच्चीच्या दाराच्या आतल्या बाजूला खुंटीवर टांगलेला असतो. रात्री दार लावायला गेले की आधी वर बघायचं, आकाश मोकळं असलं की तो गळ्यात घालायचा आणि दहा मिनिटं बाहेर. सात वर्षं हे चाललंय. या सात वर्षांत मी तीन बायनॉक्युलर घेतले. पहिला झूमचा होता, तो परत केला. दुसरा हा. तिसरा १५×७०, तो कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतो आणि महिन्यातून एखाद्या वेळी खाली येतो.

परवा भाचीचा फोन आला. “मावशी, तारे बघायला बायनॉक्युलर घ्यायचाय. वीसपट घेऊ की तीसपट?” मी पहिल्यांदा घ्यायला गेले तेव्हा माझाही हाच प्रश्न होता. फोनवर तिला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण ते अपुरं राहिलं. म्हणून तिन्हींबद्दल नीट लिहिते. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. मॉडेलं येतात-जातात, पेटीवरचे आकडे आणि ते पारखायची रीत तीच राहते.

पहिला होता १०-३०×५०. एक खटका सरकवला की दहापटीचा तीसपट. दुकानात दिवसाउजेडी समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून दाखवली आणि मी खूश झाले. रात्री कृत्तिकांवर धरला तर निराळंच. तीसपटीला तारे इतके थरथरत होते की प्रत्येकाची एक वेडीवाकडी रेघ दिसत होती. दहापटीवर आणलं तर थरथर थांबली, पण दिसणारं वर्तुळ एवढंसं, लांब नळीतून डोकावल्यासारखं. झूमच्या बायनॉक्युलरची ही घडणच आहे: कमी पटीला ठेवला तरी तो साध्या दहापटीएवढं रुंद आकाश दाखवत नाही. आणि तीसपटीला ५० मिलिमीटरच्या भिंगातून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत जेमतेम १.७ मिलिमीटर रुंद उरतो, म्हणजे चित्र मोठं होतं तसं मंदही होतं.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण दोन आठवडे बघून झालं की रोज कपाळ दुखायचं. मला वाटलं चष्म्याचा नंबर बदलला. मग एका रात्री व्याधावर धरला आणि लक्षात आलं की व्याध एक नाही, दोन आहेत, एकाच्या डोक्यावर दुसरा. डोळे ताणले की ते हळूहळू एकमेकांत मिसळायचे. म्हणजे दोन नळ्या एकाच दिशेला बघतच नव्हत्या, आणि दोन चित्रं जुळवायचं काम माझे डोळे करत होते. कपाळ त्यामुळे दुखत होतं. परत द्यायला गेले तर “मॅडम, डोळे तपासून घ्या” असं उत्तर मिळालं. डोळे तपासून घेतले, चांगले होते. ते लिहून आणलं आणि मग बायनॉक्युलर परत घेतला गेला.

तेव्हापासून कोणताही नवा बायनॉक्युलर हातात आला की मी एक गोष्ट आधी करते. ठळक तारा मध्यभागी आणायचा. एका बाजूचं फोकस पूर्ण बिघडवायचं, म्हणजे त्या डोळ्याला ताऱ्याचा फुगीर गोल दिसतो, आणि दुसऱ्या डोळ्याला तारा टोकदारच राहतो. दोन्ही डोळे उघडे, मान सैल. टोकदार तारा त्या गोलाच्या आत बसला पाहिजे. तो गोलाबाहेर वर किंवा खाली सटकला असेल तर तो बायनॉक्युलर घेऊ नका, कितीही स्वस्त मिळत असला तरी. आडव्या दिशेची थोडी चूक डोळे पोटात घालतात, उभ्या दिशेची घालत नाहीत. दुकानात दिवसा हे करायचं असेल तर लांबच्या विजेच्या खांबावरच्या एखाद्या चकचकीत ठिपक्यावर करता येतं.

आता १०×५०, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

पहिला आकडा किती पट, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की ५ येतात. मागच्या भिंगातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत इतके मिलिमीटर रुंद असतो. तरुणपणी अंधारात डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढतं तशी कमी उघडते. मी पन्नाशी ओलांडली आहे. ७×५० घेतला असता तर त्याचा ७.१ मिलिमीटरचा झोत माझ्या बाहुलीत मावलाच नसता, कडेचा प्रकाश वाया गेला असता. शिवाय दिव्यांनी उजळलेल्या आकाशाखाली सातपटीत मागचं आकाश करडं दिसतं, दहापटीत तेच आकाश गडद होतं आणि तारे उठून दिसतात. खरोखर काळ्या आकाशाखाली, तरुण डोळ्यांना, ७×५० सुंदर असतो. माझ्या गच्चीवर नाही.

दहापट कमी वाटते. पण भिंगाचं क्षेत्रफळ धरलं तर ५० मिलिमीटरचं भिंग ७ मिलिमीटर उघडलेल्या बाहुलीच्या पन्नासपट प्रकाश गोळा करतं. तारे बघताना खरी कमाई ही आहे. कृत्तिका नुसत्या डोळ्यांनी मला पाच, फार तर सहा दिसतात. या बायनॉक्युलरमधून पहिल्या रात्री मोजायला लागले आणि तिसाच्या पुढे गोंधळले. १६१० साली गॅलिलिओने आपल्या दुर्बिणीतून कृत्तिकांचं जे चित्र काढलं त्यात ३६ तारे आहेत. आज हातात मावणाऱ्या या वस्तूतून तेवढे सहज दिसतात, आणि आजूबाजूला काळं आकाश शिल्लक राहतं. ते शिल्लक राहणं फार महत्त्वाचं. माझ्या १०×५० मधून ६.५ अंशांचं आकाश दिसतं, म्हणजे तेरा पूर्णचंद्र ओळीने लावले तर मावतील एवढं. त्यात कृत्तिका साधारण एक तृतीयांश जागा घेतात. पुंजका पुंजक्यासारखा दिसतो तो भोवतालच्या रिकाम्या जागेमुळे.

रोहिणीचा शकट ही माझी आवडती कसोटी आहे. रोहिणी आणि तिच्या शेजारचे तारे मिळून जो गाड्याचा आकार होतो, तो ६.५ अंशांत ऐसपैस बसतो. रोहिणी नारिंगी, बाकीचे फिके, मध्ये दोन-दोनच्या जोड्या. रोहिणी त्या गुच्छातली नाहीच. ती साधारण ६५ प्रकाशवर्षांवर आहे आणि गुच्छ दीडशेच्या आसपास, म्हणजे ती वाटेत आपल्या बाजूला उभी आहे. हे कळल्यावर बघितलं तर मला दरवेळी ती खरंच पुढे आल्यासारखी वाटते. दोन्ही डोळ्यांनी बघण्याचं हे सुख आहे. एका डोळ्याच्या दुर्बिणीत मला ते कधी मिळालं नाही.

चंद्राबद्दल थोडक्यात: पौर्णिमेला बघू नका, तेव्हा सगळं सपाट आणि झगझगीत असतं. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर बघा, विवरांच्या सावल्या तिथे लांब पडतात. आणि द्वितीया-तृतीयेच्या कोरीला तर जरूर. उरलेला काळा गोल पृथ्वीवरून गेलेल्या प्रकाशात राखाडी दिसतो, ते दृश्य बायनॉक्युलरइतकं चांगलं दुसऱ्या कशातून दिसत नाही.

गुरूचे चार चंद्र दिसतात, मात्र हात स्थिर असला तरच. माझं पहिलं निरीक्षण फसलं, कारण मी उभी राहून हात हवेत धरून बघत होते. आता आरामखुर्चीत मागे रेलते, कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवते, बायनॉक्युलर मागून न धरता पुढच्या भिंगांजवळ धरते आणि आयकप, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगांभोवतीची कडी, भुवईच्या हाडाला हलकेच लावते. श्वास सोडून झाला की पुढचा घेण्याआधी दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात गुरूच्या दोन्ही अंगांना बारीक ठिपके एका रेषेत उभे राहतात, सुईने टोचल्यासारखे. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या असतात. मी सलग अकरा रात्री वहीत टिंबं काढली होती. वही अजून आहे.

शनीची कडी दिसणार नाहीत. शनी थोडा लांबट वाटतो, बस. कडी सुटी दिसायला पंचवीसेक पट आणि पक्का आधार लागतो. मंगळ म्हणजे तांबडा ठिपका. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर ग्रहांसाठी बायनॉक्युलर घेतला जातो आणि महिन्याभरात पडून राहतो. बायनॉक्युलर पसरलेल्या गोष्टींसाठी आहे. देवयानी दीर्घिकेचा लांबट धुरकट डाग, २५ लाख प्रकाशवर्षांवरचा. मृगातला तेजोमेघ, ययाती आणि शर्मिष्ठा यांच्यामधला जोडगुच्छ, पुष्य नक्षत्रातला ताऱ्यांचा चुरा, आणि हंसापासून धनूपर्यंत आकाशगंगेच्या पट्ट्यातून नुसतं हळूहळू सरकत जाणं. वसिष्ठ-अरुंधती तर इतके लांब-लांब दिसतात की नुसत्या डोळ्यांनी ते एकत्र कसे वाटले याचं नवल वाटतं.

चष्मा असणाऱ्यांसाठी एक आकडा पेटीवर शोधून काढा, तो बहुतेक वेळा बारीक अक्षरात असतो: आय रिलीफ. मागच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवला तरी पूर्ण वर्तुळ दिसतं ते अंतर. चष्म्यासकट बघायचं तर किमान १५-१६ मिलिमीटर हवेत. माझ्या १०×५० ला १७ आहेत. ११-१२ मिलिमीटरवाले चांगल्या भिंगांचे बायनॉक्युलर मी बघितले आहेत, पण चष्मा लावून त्यांतून आकाशाचा मधला तुकडाच दिसतो. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढा, फोकसच्या चाकाने तो भरून निघतो. मला सिलिंडरचा नंबर आहे, तो फोकसने भरून निघत नाही. चष्मा काढला की प्रत्येक ताऱ्याला शेपूट फुटतं. आयकप फिरवून खाली बसणारे असावेत, किंवा रबरी असतील तर दुमडता यावेत.

भिंगं आणि प्रिझम. चित्र सुलटं करणाऱ्या आतल्या प्रिझमची काच चांगली आहे का हे बघायला बायनॉक्युलर हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे रोखायचा. मागच्या भिंगांत दोन उजळ टिकल्या दिसतात. त्या पूर्ण गोल आणि कडेपर्यंत सारख्या उजळ असतील तर प्रिझम बहुधा बीएके-४ काचेचे आहेत. टिकली चौकोनाकडे झुकलेली आणि कडा करड्या, कापल्यासारख्या असतील तर ते बीके-७. तेवढ्यावरून नाकारायची गरज नाही, पण दोन सारख्या वाटणाऱ्यांत निवडायला ही खूण कामी येते. मग ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुढच्या भिंगात बघा. बिनलेपाच्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत जातो आणि आत असे पृष्ठभाग दहाच्या वर असतात. म्हणून सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप हवा. तो असेल तर ट्यूबलाइट मंद हिरवी-जांभळी दिसते, नसेल तर पांढरी झळझळीत. लालभडक भिंगांचे बायनॉक्युलर मिळतात, ते आकर्षक दिसतात, पण ती लाली म्हणजे परत फेकलेला लाल प्रकाश. मृगातल्या तांबड्या काक्षीचा आणि रोहिणीचा रंग बघायचा असेल तर ते घेऊ नका. फोकस न करता येणारेही घेऊ नका, ताऱ्यांसाठी ते निरुपयोगी आहेत.

रुंद खांद्यांचे पोरो प्रिझमवाले घ्यावेत की सरळ नळीचे रूफ प्रिझमवाले, यावर लोक खूप वाद घालतात. सारख्या पैशात पोरोतून बहुतेक वेळा जास्त चांगलं चित्र मिळतं, कारण रूफ प्रिझम चांगले बनवायला जास्त काटेकोर काम आणि जादा लेप लागतात. रूफ प्रिझमवाले आटोपशीर असतात. माझा पोरो आहे. माझ्या दृष्टीने हा वाद इथे संपतो.

तिसरा, १५×७०. हा मी हावेने घेतला, १०×५० मधून इतकं मिळतंय तर यातून किती मिळेल म्हणून. देवयानी खरोखर जास्त ठसठशीत दिसते, पुष्यातला गुच्छ भरगच्च होतो, चंद्र बघताना तर शब्द सुचत नाहीत. पण वजन १.४ किलो. दोन मिनिटांत दंड भरून येतात आणि पंधरापटीत हातांचा प्रत्येक कंप पंधरापट होतो. म्हणून ट्रायपॉड आला. दोन नळ्यांमधल्या दांड्याच्या पुढच्या टोकाला एक टोपी असते, ती काढली की आटे दिसतात. त्यात एल आकाराचा जोड बसवायचा आणि तो ट्रायपॉडवर. क्षितिजापासून अर्ध्या उंचीपर्यंत हे छान चालतं. त्याच्या वर गेलं की ट्रायपॉडच्या पायांत शिरून मान मोडून बघावं लागतं. माझ्या मानेला ते झेपत नाही. रोहिणीचा शकट त्याच्या ४.४ अंशांच्या वर्तुळात काठोकाठ बसतो आणि काठावरचे तारे पसरट दिसतात.

त्यात मी एकदा त्याचा झोत मोजला. ७० भागिले १५ म्हणजे ४.७ मिलिमीटर यायला हवा. दिवसा तो उजळ आकाशाकडे रोखला, सूर्याच्या अगदी विरुद्ध बाजूला, मागच्या भिंगासमोर ट्रेसिंग पेपर धरला आणि टिकली सर्वांत रेखीव होईल तिथे पट्टीने मापली. ४.२ भरली. त्याला १५ ने गुणलं तर ६३. म्हणजे भिंग ७० चं असलं तरी आतल्या कुठल्याशा कड्याने ७ मिलिमीटर झाकलेत. तीच तऱ्हा १०×५० वर केली, ५ भरली. त्या दिवशी मला त्या जुन्या वस्तूबद्दल जो विश्वास वाटला तो अजून टिकून आहे.

एका मैत्रिणीकडे कॅननचा १२×३६ आहे, चित्र स्थिर करणारा. बटण दाबलं की थरथरणारे तारे जागच्या जागी थबकतात, आणि जे मंद तारे थरथरीत हरवले होते ते दिसायला लागतात. पुढचं भिंग लहान असूनही गुरूचे चंद्र त्यातून माझ्या १०×५० पेक्षा सोपे दिसले. किंमत साध्याच्या कितीतरी पट आणि बॅटरी लागतात. ज्यांच्या हाताला कंप आहे आणि परवडतं, त्यांनी याचाच विचार करावा असं मी मनापासून म्हणेन.

कोणत्याही बायनॉक्युलरमधून सूर्याकडे बघायचं नाही, क्षणभरसुद्धा नाही. संध्याकाळी बुध-शुक्र शोधायचे असतील तर सूर्य पूर्ण मावळल्यावरच बायनॉक्युलर उचला, आणि पहाटे बघत असाल तर सूर्य उगवायच्या आधी खाली ठेवा. डोळ्याचा पडदा जळताना दुखत नाही. घरात मुलं असतील तर बायनॉक्युलर दिवसा त्यांच्या हाताला लागेल असा ठेवू नये. माझी खुंटी त्यासाठीच उंच आहे.

दमट दिवसांत तो खुंटीवरून उतरतो आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतो. दमट हवेत भिंगांना आतून बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती काढायची म्हणजे नळ्या उघडाव्या लागतात. थंडीतून घरात आणल्यावर भिंगांवर धुकं येतं, ते पुसायचं नाही. आपोआप उडालं की मग टोप्या लावायच्या.

भाची गेल्या आठवड्यात चार दिवस राहायला आली होती. तिला मी तिन्ही प्रकार दाखवले, म्हणजे माझे दोन आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेला ८×४२. १५×७० तिने एकदा उचलून ठेवून दिला. १०×५० आवडला, पण तिची मनगटं बारीक आहेत आणि ९०० ग्रॅम तिला पाच मिनिटांनी जड झाले. ८×४२ मधून तिने अर्धा तास आकाशगंगा बघितली, मध्ये एकदाही हात खाली घेतला नाही. झोत ५.२५ मिलिमीटर, तिच्या डोळ्यांना पुरतो. ती तोच घेणार आहे आणि मला ते बरोबर वाटतं. दिवसा पक्षी बघायलाही तिला तोच कामाला येईल.

एक अडचण मात्र तिच्यामुळे माझ्या लक्षात आली. तिला सुरुवातीला माझ्या १०×५० मधून दोन वेगवेगळी वर्तुळं दिसत होती. मधला सांधा माझ्या डोळ्यांच्या अंतरावर होता, ६४ मिलिमीटरवर. तिचा ५८ ला जमला. मग उजव्या नळीची झाकणी लावून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं फोकस केलं, नंतर डावी नळी झाकून उजव्या आयकपखालच्या कड्याने उजव्याचं. एवढं झाल्यावर ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, “मावशी, हे तर खोल आहे.” अंधारात ते आकडे दिसत नाहीत, दरवेळी टॉर्च लावला की डोळ्यांचा अंधाराचा सराव मोडतो. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही सांध्यावर आणि कड्यावर नेलपॉलिशचे उंचवटे केले, बोटाला लागतील असे. माझ्यासाठी एक ठिपका, तिच्यासाठी दोन.